हुंकारा

मार्च महिना माझ्या डोळ्यांआधी माझ्या तळपायांना कळतो. परवा भंडाऱ्याच्या बसस्टँडवर तुमसरच्या गाडीतून एक बाई उतरली. डोक्यावर टोपली, टोपलीत ओल्या फडक्याखाली मोहफुलं. तो गोड, आंबूस वास नाकात शिरला मात्र, माझे दोन्ही पाय चपलेतल्या चपलेत जागे झाले. मी श्वास धरून उभी राहिले, खालून काही येतंय का याची वाट पाहत. खालून काय येणार? भंडाऱ्याच्या जमिनीखाली नुसती जमीनच आहे. मागून एक जण खेकसला, "बाई, चढून राहिल्या का उतरून राहिल्या?" तेव्हा कुठे मी बाजूला झाले.

माझं माहेर खाणीचं गाव. आंबागडचा डोंगर जिथून निळसर दिसतो, तिथून पुढे काळी धूळ सुरू होते. मँगनीजची धूळ. ती पानांवर असते, म्हशींच्या पाठीवर असते, वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर तर हमखास असते. तिचं आम्हाला काही वाटायचं नाही. वाटायचं ते पायाखालचं. आमचं गाव पोकळीवर वसलेलं होतं. खाली बोगदे होते, बोगद्यांत माणसं होती, आणि त्या माणसांत माझे बाबा होते. ते खडक फोडायला सुरुंगाचे बार भरायचे आणि उडवायचे. पहिल्या पाळीच्या शेवटी खाली बार उडाला की वर पितळी भांडी एकमेकांना लागायची, रांजणातलं पाणी थरथरायचं आणि तळपायांतून एक मुंगी गुडघ्यापर्यंत चढून जायची. नवीन सुना घाबरायच्या. आठ दिवसांत त्याही भांडी जरा लांब लांब मांडायला शिकायच्या.

लहानपणी मी एक हिशेब करून ठेवला होता. दिवसपाळीला बाबा ज्या बोगद्यात जातात तो बरोबर आमच्या देवळाखालून जातो. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. म्हणजे वर पाळकसाहेब प्रार्थना करताहेत, त्यांच्या पायांखाली फरशी, फरशीखाली खडक, आणि खडकाखाली डोक्यावर दिवा बांधलेले माझे बाबा. प्रार्थनेला डोळे मिटले की मला वरचा देव कमी दिसायचा आणि खालून चाललेला तो दिवाच जास्त दिसायचा. एकदा मी फरशीला कान लावला होता. काहीच ऐकू आलं नाही. पण ते काहीच नसणंही फार जवळून आल्यासारखं वाटलं. मी पुन्हा कान लावला नाही.

ज्या हंगामाबद्दल सांगतेय तेव्हा मी अकरावीत होते. लेंटचे दिवस, म्हणजे ईस्टरच्या आधीचे आमचे चाळीस उपासाचे दिवस. त्या ईस्टरला माझं दृढीकरण व्हायचं होतं. लहानपणी आईबापांनी आपल्या वतीने दिलेलं वचन आता आपल्या तोंडाने द्यायचं, मग बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवणार आणि प्रभुभोजनाला बसता येणार. आम्ही चार मुली आणि एक मुलगा देवळामागच्या मोहाखाली वर्गाला बसायचो. पाळकसाहेब नगरकडचे, नुकतेच लग्न झालेले, शुद्ध बोलणारे. ते प्रश्न विचारायचे आणि आम्ही पाठ केलेली उत्तरं म्हणायचो. मध्येच वरून मोहाचं फूल टप्प करून वहीवर पडायचं. मऊ, फिकट, ओलसर. झाडावरून फूल नव्हे, कुणाचं तरी बोट गळून पडलं असं मला वाटायचं. आजही मी मोहफूल उचलायला जरा बिचकते.

त्याच वर्षी जानेवारीत माझा मोठा भाऊ, सुधीरदादा, घरातून गेला. बाबांशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याला खाणीत उतरायचं नव्हतं. पण त्या दिवशी सकाळी घर शांत होतं. चहा पिऊन तो उठला, "तुमसरले जाऊन येतो," म्हणाला आणि निघाला. आपल्याकडे 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. येतो म्हणून गेला तो गेलाच. बाबा तुमसर, भंडारा, नागपूर, सगळीकडे फिरून आले. पोलिसांत नोंद झाली. नातेवाइकांना पत्रं गेली. जंगलातल्या वाटा, तलाव, पडक्या विहिरीही लोकांनी पाहिल्या. काही सापडलं नाही, आणि ते सापडलं नाही म्हणून आई देवाचे आभार मानायची. असे आभार मानताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

देवळात दादाची जागा ठरलेली होती. शेवटच्या बाकाची खिडकीकडची कड. आठवडाभर देऊळ बंद असलं की सगळ्या बाकांवर काळ्या धुळीचा थर बसायचा. बोटाने नाव लिहावं इतका. दादा गेल्यावर मी पाहिलं, सगळ्या बाकांवर धूळ, आणि त्या कडेला तेवढी नाही. एक माणूस बसेल एवढीच जागा लख्ख. मी कुणाला काही बोलले नाही. घाबरले होते, हे आता सांगायला हरकत नाही.

आमच्या मंडळीची, म्हणजे या देवळाच्या सभासदांची, एक रीत होती, आणि ती मला दुसऱ्या कुठल्याही मंडळीत आढळली नाही. लेंटमधल्या दर शुक्रवारी दुपारी अडीचला प्रार्थना असायची. ज्याला काही मागायचं असेल त्याने उभं राहायचं, आपलं मागणं एका वाक्यात बोलायचं, आणि मग सगळ्यांनी गप्प राहायचं. साधारण शंभर आकडे होतील एवढा वेळ. त्यानंतर पाळक 'आमेन' म्हणणार. या शंभर आकड्यांच्या आत खाली बार उडाला, तर पुढच्या बाकावरून सालोबाई म्हणायची, "ऐकलं." आणि मागून सगळ्या बाया म्हणायच्या, "ऐकलं."

सालोबाई म्हणजे देऊळ झाडणारी म्हातारी. नवरा नाही, मूल नाही, तोंडात तीन दात. तिचं खरं नाव सालोमी, पण ते फक्त रजिस्टरात होतं. मोहफुलं निवडताना ती आम्हा पोरांना गोष्टी सांगायची. ऐकणाऱ्याने दर वाक्याला 'हूं' म्हणायचं. एखादा 'हूं' चुकला की ती तिथेच थांबायची. "हुंकारा दे ना माय," म्हणायची, "नाई तं मी का मोहाच्या झाडाले सांगून राहिली का?" खालच्या हादऱ्यालाही ती हुंकाराच म्हणायची. जमिनीचा हुंकारा. शास्त्रात आहेच की, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तिसऱ्या प्रहरी प्रभूने प्राण सोडला तेव्हा भूमी हादरली. आमच्या गावी ती दोनचार दिवसांआड हादरायची. मंडळीने दोन्हीचा मेळ घालून टाकला होता.

तुम्ही म्हणाल, सगळी खाणीतलीच माणसं, त्यांना बार कळत नव्हता का? कळत होता. मी तर बार उडवणाऱ्याचीच मुलगी. पण तो नेमका केव्हा उडेल हे वर कुणालाच ठाऊक नसायचं. कधी पावणेतीनला, कधी सव्वातीनला, कधी त्या पाळीत नाहीच. माणूस उडवतो हे खरं. पण माझं मागणं संपल्या संपल्याच तो का उडावा, हे माणसाला कुठे ठाऊक असतं? असा आमचा युक्तिवाद. पाळकसाहेबांना तो मुळीच पसंत नव्हता. एकदा वर्गात मी त्यांना विचारलं, "जमीन हो म्हणते ती देवाच्या वतीने म्हणते का?" ते घाम पुसत म्हणाले, "जमिनीला तोंड नसतं. तुम्ही पाचवा प्रश्न पाठ केलात का?" मी पाचवा प्रश्न पाठ केला होता. त्याचं उत्तर मला आजही येतं आणि अजूनही पुरत नाही.

तो चौथा शुक्रवार. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. डोंगराच्या बाजूला कुणीतरी मोहाखालचा पाला पेटवला होता आणि त्याचा धूर देवळाच्या खिडकीतून आत येऊन छताखाली थांबला होता. व्यासपीठाजवळच्या मेजावर पाळकसाहेबांसाठी काचेचा पेला भरून ठेवलेला असायचा. बार उडाला की त्यातल्या पाण्यावर गोल गोल वलयं उठायची. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना मी डोळे किलकिले करून त्या पेल्याकडे पाहत बसायचे. ही माझी जुनी खोड. इतरांचा भरवसा पायांवर, माझा पाण्यावर.

दोन महिन्यांत पहिल्यांदाच आई उभी राहिली. चपला दाराशी, पाय उघडे. मला तिच्या टाचा दिसत होत्या. भेगांत काळी धूळ बसलेली. ती म्हणाली, "माहा सुधीर जित्ता हाय का, एवढं सांग."

हे मागणं नव्हतं, प्रश्न होता. मंडळीत कुणी असा सरळ प्रश्न विचारत नसे. बाकं करकरली आणि मग शांत झाली. मी मोजायला लागले. तीस. चाळीस. पेल्यातलं पाणी काचेसारखंच घट्ट. साठ. आईची टाच फरशीवर दाबली जात होती, दार ढकलावं तशी. ऐंशी. नव्वद. धूर हलत नव्हता, बाहेर एक पाखरू ओरडत नव्हतं. शंभर झाले, एकशेदहा झाले. पाळकसाहेबांनी 'आमेन' म्हणायला घसा खाकरला, आणि आईचे खांदे खाली यायला लागले.

मी म्हणाले, "ऐकलं."

पाणी हललेलं नव्हतं. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते. तरी म्हणाले. आणि म्हणाले ते केवढ्याने! सालोबाईचा शब्द एका पोरीने तोंडात घेतलेला कुणी कधी ऐकला नव्हता. आता कुणीतरी उठून म्हणणार, कायचं ऐकलं? मग पुढच्या बाकावरून सालोबाईचा आवाज आला, अगदी हळू, "ऐकलं." मग दुसरी. मग तिसरी. मग सगळं देऊळ. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. दचकून उठलेल्या माणसाचा असतो तसा तो आवाज होता. मला वाटलं, मी एकटी खोटं बोलले आणि मला एकटं पाडायला नको म्हणून हे सगळे बोलले. किंवा मग मी बोलले म्हणून त्यांना ते जाणवलं. यातलं जास्त भीतीदायक कोणतं, ते मला ठरवता येईना.

आईने त्या संध्याकाळी दोन महिन्यांनी पोटभर भात खाल्ला. त्याआधी, बाबा कामावरून आले तेव्हाचं एक चित्र डोळ्यांसमोर आहे. न्हाणीच्या दगडावर बसून ते पाय धुताहेत, आई तांब्या घेऊन उभी राहून त्यांना काहीतरी सांगतेय, आणि पाय धुता धुता बाबांचा हात थांबलाय. त्यांनी वर पाहून काहीतरी सांगितलं. मग बाबांनी घराकडे, चुलीपुढे बसलेल्या माझ्याकडे, खूप वेळ पाहिलं. आत आल्यावर एवढंच म्हणाले, "पोरी, तू जेवली का?" मी जेवले नव्हते, आणि मला जेवण गेलंही नाही.

पुढच्या शुक्रवारी आमच्या खाली बार उडाला, अगदी एकीच्या मागण्यानंतर विसाव्या आकड्याला. भांडी वाजावीत तशी खिडकीची काच वाजली. मी सालोबाईकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसलेली. 'ऐकलं' कुणीच म्हणालं नाही. त्या दिवसापासून ती रीत मोडली. कुणी मोडली, काही ठराव झाला का, कशाचाच पत्ता नाही. पाळकसाहेबांनी दटावलं असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. ते बिचारे मात्र आपलं प्रवचन लागू पडलं या खुशीत होते.

ईस्टरला दृढीकरण झालं. पांढरी साडी, त्यावर धूळ अर्थातच. वृद्ध बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला आणि तो हात थरथरत होता. म्हातारपणाचा कंप, दुसरं काय? पण माझ्या टाळूतून तो थेट तळपायांत गेला. मला वाटलं, आता खालून नाही, वरून बार भरलाय. आता सगळं बाहेर येणार. काही आलं नाही. मी प्रभुभोजनाची भाकर जिभेवर ठेवली, खोट्यासकट गिळली आणि मंडळीची पूर्ण सभासद झाले.

लोकांना वाटतं श्रद्धा वयाबरोबर आपोआप वाढते. माझी पुष्कळ वर्षं वाढली नाही. ती त्या पेल्यापाशीच बसून राहिली. मी शिकले, भंडाऱ्यात शाळेत लागले, लग्न झालं, मुलगी झाली. रविवार चुकवला नाही. पण प्रार्थनेला डोळे मिटले की आईच्या टाचा दिसायच्या. आई गाव सोडायला तयार नव्हती. बाबा निवृत्त झाले, तेव्हा भंडाऱ्याला या म्हटलं, आली नाही. बाबा गेले, तेव्हाही नाही. "सुधीर आला तं कुलूप पाहून वापस जाईन," म्हणायची. रोज दुपारी तीनच्या सुमारास ती चपला काढून अंगणात उभी राहते, भर चैत्रातसुद्धा. हे मी पाहायचे आणि मला कळायचं की ही बाई माझ्या एका शब्दावर उभी आहे. मी दिलेल्या होकारावर. तो होकार परत घ्यावा तर ती पडेल आणि न घ्यावा तर आयुष्यभर उभीच राहील.

बाबा गेले ती दुपार आठवते. मंडळी घरात येऊन बसली. मला भीती होती की आता कुणीतरी समजुतीचं बोलणार, देवाची इच्छा वगैरे. कुणी बोललं नाही. आईच बोलत होती, तुटक तुटक. बाबांनी सकाळी काय खाल्लं, काय म्हणाले, पाणी कसं मागितलं. आणि तिच्याशेजारी बसलेली, आता पार वाकलेली सालोबाई दर वाक्याला म्हणत होती, "हूं." पुढचं वाक्य. "हूं." दोन तास. मला तेव्हा वाटलं, म्हातारीला काही सुचत नाहीये. मी किती मठ्ठ होते याचा हा एक पुरावा म्हणून सांगते.

सालोबाई पुढच्या वर्षी गेली. खाणीचं कामही हळूहळू दुसऱ्या अंगाला, खोल सरकलं. आता गावाखाली बार होत नाही. माहेरी गेलं की रात्र जड होत नाही, दुपार होते. तीन वाजतात आणि काही होत नाही. भांडी जवळ जवळ मांडलेली असतात, तरी वाजत नाहीत. ज्या गावाला हादऱ्याची सवय आहे तिथे न हादरणं फार ऐकू येतं. कुणीतरी दाराशी येऊन, हात उचलून, कडी न वाजवताच उभं राहिलंय असं वाटत राहतं.

मी भंडाऱ्याच्या मंडळीत रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते. या वर्षी लेंट सुरू झाल्यावर वर्गातल्या एका पोरीने विचारलं, "बाई, देवाने ऐकलं हे कसं कळते?" या प्रश्नाची तीन-चार उत्तरं माझ्याकडे तयार असतात, अगदी वहीत लिहून द्यावीत अशी. मी तोंड उघडलं आणि मला तो पेला दिसला. मी म्हणाले, "पुढच्या रविवारी सांगते." घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मी शुक्रवारी गावाला जाऊन येते. 'येते' म्हणताना जीभ जराशी अडखळली.

आई अंगणात मोहफुलं निवडत बसली होती. फुलांच्या चिकाने तिची बोटं चिकट झालेली, त्यावर धूळ. मी समोर बसले. इकडचं तिकडचं काही सुचेना, म्हणून सरळ सांगितलं.

"आई, त्या शुक्रवारी तू दादासाठी उभी राहिली होती ना, तवा जमीन हालली नव्हती. मी खोटं बोलली."

ती निवडत राहिली. "ठाऊक हाय मले."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. तुह्या बाबांनं घरी येऊन सांगतलं, आज खाली बारच भरला नाई म्हणे. पंप काढला होता दुरुस्तीले. साऱ्या पाळीनं नुसतं पाणी उपसलं."

एवढी वर्षं! "अन् मंडळीले?"

"मंडळीचे माणसं का दुसऱ्या खदानीत होते? दिवेलागणीच्या आत साऱ्या कॉलनीले ठाऊक झालं."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. दृढीकरणाच्या दिवशी माझ्या केसांत फूल माळणाऱ्या बाईला, माझ्या लग्नात गीत म्हणणाऱ्यांना, बाबांना, सालोबाईला. आणि एकाने, एका शब्दाने, टोमण्यानेही कधी ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं. मला राग आला. मग लाज वाटली. मग रडूच आलं. मी म्हणाले, "मंग तुमी सगळ्याईनं 'ऐकलं' काहून म्हटलं? माही कीव आली म्हून?"

आईचे हात पहिल्यांदा थांबले. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की उन्हात माझ्या दंडावर काटा आला.

"कीव कायची? आमाले जाणवलं म्हून म्हटलं."

"काय जाणवलं?"

"हादरा. माह्या टाचेतून वर आला. सालोबाईले आला. साऱ्याईले आला. तुले नाई आला?"

"पेल्यातलं पाणी हाललं नव्हतं आई! मी डोळे उघडे ठेवून पाहत होती."

"असन," आई म्हणाली. "मी पाणी नाई पाहत होती."

अंगणात कुठेतरी एक फूल पडलं. आमच्या अंगणात मोह नाही. शेजारच्या झाडाचं असेल. मी विचारलं, "मंग ते काय होतं?"

"मले का ठाऊक! बार नाई अन् जमीन हालली. बाबांनं सांगतलं तवा असं भेव वाटलं का विचारू नोको. सालोबाई रातभर झोपली नाई. दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन म्हणे, आपुन बाराले देव समजून खेळत होतो, आता याच्यापुढं विचाराचं नाई. म्हून सोडलं. तुह्यासाठी नाई, आमच्या भेवानं सोडलं."

तिने पुन्हा एक फूल उचललं, त्याचा देठ काढला. मग जे खरं विचारायचं होतं ते विचारलं. "मंग तू एवढे वर्षं कायच्या भरोशावर वाट पाहून राहिली? मी तं समजत होती, माह्या 'हो'वर."

आई हसली. तिलाही आता तीनचारच दात उरलेत. "तू मास्तरीण हाय ना? हुंकारा म्हंजे का 'हो' असते का? सालोबाई गोष्ट सांगे तवा तू 'हूं हूं' करत होती, तं गोष्ट खरी हाय म्हून करत होती?"

"नाई. ऐकून राहिली म्हून."

"मंग!" आई म्हणाली. "माहा पोरगा हाय का नाई, ते मले कोणंच नाई सांगतलं. पण मी बोलली ते कोणंतरी ऐकलं, एवढं मले टाचेनं सांगतलं. रोज तीनले उभी राहून त्याचं नाव घेतो. मले आता हादरा नोको. हादरा आला तं भेव वाटीन."

मी एका शब्दाची चूक पंचवीस वर्षं वागवत होते. हुंकाराला होकार समजले. आमच्याच भाषेत, आमच्याच म्हातारीने लहानपणी शिकवलेला शब्द. क्रूसावरून प्रभूने जी हाक मारली, तिलाही वरून 'हो' आलं नव्हतं. ते मी दर उत्तम शुक्रवारी ऐकते, त्यावर मुलांना चित्रंही काढायला लावते. आणि तरी उत्तर म्हणून मी पेल्यात वलयं शोधत बसले होते. माझी श्रद्धा या वयात मोठी झाली, असं म्हणायला मी धजत नाही. पण त्या अंगणात तिने पेल्यापासून उठून निदान एक पाऊल टाकलं, हे मला जाणवलं. बाकी त्या दिवशी खालून काय आलं, की काहीच आलं नाही, हे मला कळलेलं नाही. त्याची भीती गेलेली नाही. ती जाऊ नये असंही कधीकधी वाटतं.

अडीचला आम्ही देवळात गेलो. पाळक आता दुसरे आहेत, बाया आठ-नऊच उरल्या आहेत, रीत मात्र अर्धी टिकून आहे: उभं राहायचं, बोलायचं, गप्प राहायचं. आत शिरल्या शिरल्या आई शेवटच्या बाकाकडे गेली आणि खिडकीकडची कड पदराने पुसून आली. "आधी सालोबाई पुशे," ती मला म्हणाली, सहज, घरातलं एखादं काम सांगावं तसं. मग ती पुढे जाऊन बसली. चपला दाराशी होत्या. मीही काढल्या.

आपली पाळी आल्यावर आई गुडघ्यावर हात टेकून उठली. "माहा सुधीर," म्हणाली. "जिथं असन तिथं." एवढंच. आता ती प्रश्न विचारत नाही.

सगळं गप्प झालं. बाहेर ऊन पांढरं, धुराचा वास, मोहाचा वास. माझे तळपाय फरशीवर, फरशीखाली खडक, खडकाखाली रिकामे बोगदे. तिथे आता कुणाचा दिवा नाही. मी मोजलं नाही. आईच्या टाचा माझ्या समोर होत्या, त्याच भेगा, तीच धूळ. ती उभी होती आणि कुणी काही म्हणत नव्हतं.

"हूं," मी म्हणाले.

आईने मागे वळून पाहिलं नाही. पण तिचे खांदे सैलावलेले मला दिसले. बाजूची एक बाई म्हणाली, "हूं." मग पलीकडची. मग सगळं देऊळ, एकामागून एक, बसक्या, खोल आवाजात. तो आवाज बाकांतून फरशीत उतरला आणि माझ्या तळपायांना लागला.

व्यासपीठाजवळच्या मेजावर पाण्याचा पेला ठेवलेला होता. मी तिकडे पाहिलं नाही.